वेळेआधी जन्मलेलं, वजनानं कमी बाळ आणि घसरत राहिलेली शुगर: एक प्रकरण अभ्यास

मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात जन्मलेल्या आणि पुढे आमच्या जिल्हा पातळीवरच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) आलेल्या एका मुलीचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून गाव आणि तारखा दिलेल्या नाहीत. यात दुर्मीळ असं काही नाही. नवजात बाळांच्या कक्षात काम करणाऱ्या कुणालाही असं बाळ महिन्याकाठी भेटतंच. पण अशा बाळाची शुगर नेमकी कुठे निसटते आणि का, हे या एका केसमध्ये टप्प्याटप्प्यानं दिसतं, म्हणून ती सविस्तर मांडतो आहे.

जन्माआधीच माहीत असलेल्या गोष्टी

आईचं वय २३, पहिलं बाळंतपण. ३२व्या आठवड्यापासून रक्तदाब वाढलेला, त्यासाठी लॅबेटॅलॉलच्या गोळ्या दिवसातून तीनदा चालू. सोनोग्राफीत बाळाची वाढ खुंटलेली दिसत होती. ३६ आठवडे ४ दिवस भरले असताना रक्तदाब आटोक्यात येईना, बाळाचे ठोकेही समाधानकारक नव्हते, म्हणून रात्री सिझर झालं. मुलगी, वजन १,८४० ग्रॅम. जन्मतःच रडली, रंग गुलाबी, श्वास व्यवस्थित. डोक्याचा घेर गर्भवयाला साजेसा, पण मांड्या बारीक आणि कातडी सैल. पोटात असतानाच्या शेवटच्या काही आठवड्यांत या बाळाला पुरेसं पोचलेलं नाही, हे नुसतं पाहून कळत होतं.

आता धोके मोजा. ३७ आठवड्यांच्या आतला जन्म, गर्भवयाच्या मानानं कमी वजन, आईला बीटा-ब्लॉकर गटातलं औषध (लॅबेटॅलॉल), आणि सिझरमुळे पहिलं स्तनपान लांबण्याची शक्यता. आईला मधुमेह नव्हता, एवढाच एक धोका कमी. या चारही गोष्टी केसपेपरवर बाळ जन्मायच्या आधी लिहिलेल्या होत्या. नवजात बाळाची शुगर कमी होणं हा अचानक कोसळणारा प्रसंग नसतो. बहुतेक वेळा तो आदल्या दिवशीच्या कागदांत वाचता येतो.

गर्भात असताना बाळाला ग्लुकोज वारेतून अखंड मिळत असतं. नाळ कापली की तो पुरवठा त्या क्षणी थांबतो. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाचीही शुगर पहिल्या एक-दोन तासांत खाली येते आणि मग आपोआप सावरते. इन्सुलिन घटतं, ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन वाढतं, यकृतातला ग्लायकोजेनचा साठा मोकळा होतो, चरबीपासून कीटोन तयार होतात आणि मेंदूला दुसरं इंधन मिळतं. आमच्या या मुलीकडे यकृतातला साठाच तुटपुंजा, अंगावर चरबी नावापुरती. त्यात लॅबेटॅलॉल वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि ॲड्रेनलिनच्या कामात अडथळा आणतं. म्हणजे साठा कमी, तो मोकळा करणारी यंत्रणा मंद आणि देहाच्या मानानं मेंदू मोठा, भुकेला.

पहिले सहा तास

जन्म रात्री ११:२० चा. आई टेबलावर असतानाच ड्युटीवरच्या सिस्टरनी बाळाला पुसून, टोपी घालून, रेडियंट वॉर्मरखाली ठेवलं. टाके संपताच आईच्या उशाशी बसून त्यांनी हातानं चीक काढायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला जेमतेम ३ मिलि निघाला. तो वाटी-चमच्यानं बाळाला पाजला तेव्हा जन्माला ५५ मिनिटं झाली होती. सिझरनंतर पहिल्या तासाच्या आत चीक पोटात जाणं आजही अनेक ठिकाणी होत नाही, म्हणून या सिस्टरांचं काम इथे मुद्दाम नोंदवतो.

वऱ्हांड्यात आजी मधाची छोटी बाटली घेऊन उभी होती. "लेकराला जरा गोड चाटवू द्या ओ, बिनागोडाचं कसं ठेवायचं?" सिस्टरनी तिला आत बोलावून चीक दाखवला आणि म्हणाल्या, "आजी, हे बघा, पोरीचं पहिलं गोड तिच्या आईकडंच आहे. मधानं लेकराला बाधा होते, बाटली ठेवून द्या." आजीनं ऐकलं. मधातून बॉट्युलिझम या विषबाधेची भीती असते, गुळपाण्यातून जंतुसंसर्गाची. बाळाला काहीतरी ऊर्जा मिळायला हवी हे आजीला कळत होतं, तिचा मार्ग तेवढा चुकीचा होता. तिच्यावर न खेकसता तो बदलला गेला, आणि याचा उपयोग पुढे दहा दिवस झाला.

दोन तासांनी, १:२० वाजता टाचेतून पहिली शुगर: ३१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. (पुढचे सगळे आकडे याच एककात.) बाळ जागं, हालचाल बरी, चोखण्याचा जोर थोडा कमी. लक्षणं नाहीत आणि आकडा २० ते ४० च्या मध्ये, तेव्हा प्रचलित भारतीय पद्धतीनुसार लगेच मोजून दूध पाजायचं आणि तासाभरात पुन्हा शुगर बघायची. तसंच झालं. चीक ४ मिलि निघाला, उरलेलं ६ मिलि वरचं दूध डॉक्टरांनी लिहून दिलं. २:२० ला ४४. दर दोन तासांनी पाजणं चालू. पहाटे ५:२० ला, सहाव्या तासाला, ४७.

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं.

सहा ते बारा

सकाळी आठला ड्युटी बदलली. बाळ आईजवळ वॉर्डात होतं. साडेसातचं दूध नीट गेलं. साडेनऊच्या वेळी बाळ गाढ झोपलेलं दिसलं, आईला भुलीनंतरची डोकेदुखी, उठून बसवेना. आजी म्हणाली, "झोपलंय निवांत, कशाला उठवायचं." केसपेपरवर शेवटचा आकडा ४७ आणि त्यापुढे बरोबरची खूण. पुढची शुगर बाराव्या तासाला म्हणजे ११:२० ला ठरलेली. साडेनऊचं पाजणं राहून गेलं.

११:२० ला सिस्टरनी टाच टोचायला दुपटं सोडलं तेव्हा बाळाचे हातपाय थरथरत होते. त्यांनी थरथरणारा हात हलकेच मुठीत धरला, थरथर थांबली. सोडला, पुन्हा सुरू. धरल्यावर थांबते ती थरथर. झटका असा हातानं थांबत नाही, शिवाय झटक्यात डोळे एका बाजूला फिरणं, ओठ चघळल्यासारखे हलणं, श्वास रोखला जाणं असं काही सोबत दिसू शकतं. ही एका मुठीची तपासणी प्रत्येक नवीन सिस्टरला पहिल्याच आठवड्यात शिकवावी असं माझं मत आहे. रडणं क्षीण झालेलं, स्तनाला लावल्यावर तोंड उघडत नव्हतं. ग्लुकोमीटरवर २४.

या प्रकरणातला कळीचा भाग मला हा वाटतो. ४४ आणि ४७ हे आकडे पाजल्यानंतरचे होते. त्या दुधानं बाळाला तेवढा वेळ तोलून धरलं होतं. एक पाजणं चुकलं आणि मधले चार तास पोट रिकामं राहिलं, तेव्हा बाळाची स्वतःची ताकद किती आहे ते उघडं पडलं. म्हणून धोक्यातल्या बाळाची शुगर पाजण्याच्या आधी मोजायची. पाजल्यावरचा आकडा दुधाबद्दल सांगतो, पाजण्याआधीचा आकडा बाळाबद्दल. आणि 'झोपलेलं' व 'मलूल' यातला फरक दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाकडे लांबून बघून कळत नाही. 'लक्षणं नाहीत' अशी नोंद खूपदा कुणी दुपटं सोडून बघितलेलं नाही म्हणून झालेली असते.

उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. लक्षणं असताना नुसतं दूध पाजून थांबायचं नाही, शिरेतून ग्लुकोज द्यायचं. प्रयोगशाळेसाठी फ्लोराइड असलेल्या बाटलीत रक्त काढून ठेवलं आणि निकालाची वाट न बघता १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) किलोमागे २ मिलि, म्हणजे ३.७ मिलि सावकाश दिलं. अशा एकदम दिलेल्या मात्रेला बोलस म्हणतात. लगोलग त्याच द्रावणाची सलाईन तासाला ६.६ मिलि या वेगानं लावली. किलोमागे मिनिटाला ६ मिलिग्रॅम ग्लुकोज, ज्याला आम्ही जीआयआर ६ म्हणतो. हिशेब सोपा आहे: द्रावणाची टक्केवारी गुणिले तासाचे मिलि, त्याला वजनाच्या सहापटीनं भागायचं. अर्ध्या तासानं ५८.

रस्त्यात

बाळाला आमच्याकडे पाठवायचं ठरलं, आणि ते योग्यच होतं. अंतर सुमारे ७० किलोमीटर. फोन आला, वजन, आकडे, जीआयआर, सगळं सांगितलं गेलं. १०८ च्या रुग्णवाहिकेतून बाळ निघालं. सोबत सिरिंज पंप नव्हता, मायक्रोड्रिप सेट होता. या सेटमध्ये तासाला जितके मिलि हवेत तितकेच थेंब मिनिटाला पडावे लागतात, म्हणजे इथे सहा-सात. हलत्या गाडीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर, मिनिटाला सहा-सात थेंब मोजत राहणं किती अवघड आहे हे बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

आमच्या दारात बाळ उतरलं तेव्हा सलाईनचा हात सुजलेला होता. सुई शिरेबाहेर गेलेली, द्रावण कातडीखाली साचलेलं. ते नेमकं केव्हा थांबलं कुणालाच माहीत नव्हतं. तापमान ३५.८ अंश. शुगर २२. बाळ मऊ पडलेलं, टाचेला टोचल्यावरही नीट रडेना.

बोलस देऊन मागून सलाईन बंद पडली तर शुगर आधीपेक्षाही वेगानं घसरू शकते. बोलसमुळे स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, ते इन्सुलिन रक्तात काम करत राहतं आणि तेवढ्यात बाहेरचा पुरवठा आटतो. त्यात थंडी. गार पडलेलं बाळ ऊब निर्माण करायला ग्लुकोज जाळतं, आणि शुगर कमी असलेलं बाळ ऊब निर्माण करू शकत नाही. नवजात बाळाच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींना खाली ओढतात, म्हणून थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर दोन्ही एकाच वेळी हातात घ्यायचे.

दुसऱ्या हाताला नवी लाईन, पुन्हा ३.७ मिलि बोलस, वॉर्मर, आणि या वेळी सिरिंज पंपावर १२.५ टक्के डेक्स्ट्रोज. हे द्रावण तयार मिळत नाही, बनवावं लागतं: ५० मिलिच्या सिरिंजमध्ये १० टक्क्याचं ४१.७ मिलि आणि २५ टक्क्याचं ८.३ मिलि. ही आकडेमोड आमच्या कक्षात भिंतीवर तक्ता करून लावली आहे, कारण रात्री तीनला थकलेल्या डोक्यानं ती करू नये. हाताच्या शिरेतून १२.५ टक्क्यांपेक्षा घट्ट द्रावण द्यायचं नाही, शीर जळते. जास्त टक्केवारी घेण्याचं कारण पाण्याचं प्रमाण. जीआयआर वाढवायचा तर पातळ द्रावणाचा वेग वाढवावा लागतो आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशीच्या बाळाला एवढं पाणी दिलं तर सोडियम घसरतं.

अर्ध्या तासानं ४९, तासाभरानं ४३. जीआयआर ८. संध्याकाळी ५३, रात्री ५६.

ग्लुकोमीटरवर किती विसंबायचं

वॉर्डातल्या ग्लुकोमीटरची स्ट्रिप मोठ्यांच्या मधुमेहासाठी बनलेली असते. २५० आहे की २६५, यानं तिथे फरक पडत नाही. आमच्याकडे २५ की ४० यावर निर्णय फिरतो, आणि नेमक्या याच पट्ट्यात ही यंत्रं १० ते २० नं चुकू शकतात. या मुलीचा शिरेतल्या रक्ताचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ६३ टक्के होता. वाढ खुंटलेल्या बाळांचं रक्त असं दाट असतं आणि दाट रक्तात ग्लुकोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकतो. मग २२ हा आकडा खरा की यंत्राचा? प्रयोगशाळेच्या नमुन्यात २५ आला. खराच होता.

प्रयोगशाळेचा आकडाही फसवू शकतो. साध्या बाटलीतलं रक्त तासभर टेबलावर पडून राहिलं तर रक्तपेशी त्यातलं ग्लुकोज वापरत राहतात आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून फ्लोराइडची बाटली आणि लगेच पोचवणं. टाचेवरचं स्पिरिट सुकू द्यायचं, टाच कोमट करून घ्यायची, दाबून पिळायची नाही, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. स्ट्रिपच्या डबीवर ती उघडल्याची तारीख लिहायची. या बारीकसारीक गोष्टींवर मी ड्युटीवर सतत बोलत असतो, त्या कंटाळवाण्या वाटतात हे ठाऊक असूनही. पण शंका आली म्हणून उपचार थांबवायचा नाही. ग्लुकोमीटरवर कमी दिसलं की उपचार आधी, खात्री मागून.

थरथरीची इतर कारणंही तपासली. कॅल्शियम ठीक, सीआरपी (जंतुसंसर्गाचा अंदाज देणारी चाचणी) कमी, ब्लड कल्चर पाठवलं, त्यातही पुढे काही उगवलं नाही.

४७ हा आकडा आला कुठून

कनिष्ठ डॉक्टर नेहमी विचारतात की नेमका किती आकडा धोक्याचा. कुणी ४० म्हणतं, कुणी ४५, कुणी ४७. ४७ म्हणजे २.६ मिलिमोल प्रति लिटर, आणि त्याचं मूळ १९८८ मधल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात आहे. ल्यूकस आणि सहकाऱ्यांनी १,८५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या ६६१ अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नोंदी पाहिल्या. ज्या बाळांची शुगर पाच किंवा अधिक दिवशी या पातळीखाली आढळली होती, त्यांचा १८ महिन्यांचा विकास मागे पडलेला दिसला. त्या निरीक्षणातून आलेला हा आकडा पुढे जगभर उंबरठा बनला. पण ४८ ला मेंदू सुरक्षित आणि ४६ ला धोक्यात, असं त्या अभ्यासानं म्हटलेलं नव्हतं.

२०२० साली नेदरलँड्समधल्या हायपोएक्झिट चाचणीत ६८९ बाळांपैकी निम्म्यांवर ४७ खाली आणि निम्म्यांवर ३६ खाली गेल्यावर उपचार केले. १८ महिन्यांना दोन्ही गटांचा विकास सारखा निघाला. हे वाचून '३६ पर्यंत चालतं' असं म्हणणारे भेटतात. त्या चाचणीत ३५ आठवडे पूर्ण झालेली, २ किलो किंवा अधिक वजनाची, बाकी निरोगी बाळं घेतली होती. आमची मुलगी १,८४० ग्रॅमची, लक्षणं असलेली, शुगर पुन्हा पुन्हा घसरणारी. ती त्या चाचणीत बसलीच नसती. निष्कर्ष उचलताना तो कुठल्या बाळांवरून आला ते आधी बघावं.

डेक्स्ट्रोज जेलबद्दलही लिहायला हवं. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन इथल्या 'शुगर बेबीज' अभ्यासात (२०१३) ४० टक्के डेक्स्ट्रोजचं जेल बाळाच्या गालाच्या आतून चोळून मग पाजल्यावर उपचार अपयशी ठरण्याचं प्रमाण २४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलं. लक्षणं नसलेल्या बाळाला आईपासून न तोडता उपचार करता येतो, हा त्याचा मोठा फायदा. जिथे उपलब्ध आहे तिथे पहिल्या रात्रीच्या ३१ ला ते जरूर वापरावं. उपजिल्हा रुग्णालयात ते नव्हतं. सकाळच्या २४ ला, थरथर असताना, त्यानं भागलं नसतं.

तिसऱ्या दिवसाचं कोडं

दुसऱ्या रात्री, साधारण २७व्या तासाला, जीआयआर ८ असूनही शुगर ३८. आता जास्त घट्ट द्रावण लागणार, तेव्हा नाळेच्या शिरेतून कॅथेटर घातला, एक्स-रेवर जागा पाहिली आणि १५ टक्के डेक्स्ट्रोजनं जीआयआर १० केला. ५१, ५८, ६२. सकाळपर्यंत स्थिर. आईला त्याच सकाळी तिकडून आणलं गेलं होतं. ती टाके सांभाळत व्हीलचेअरवर कक्षात आली आणि काचेतून न बघता थेट बाळाच्या हाताला हात लावून बसली.

४८ तासांनंतर आम्ही लक्ष्य ५० वरून ६० वर नेतो. पहिल्या दोन दिवसांतली घसरण गर्भाबाहेर रुळण्याच्या काळातली म्हणून समजून घेता येते. तिसऱ्या दिवशीही शुगर पडत असेल तर कारण शोधायला हवं. ५०व्या तासाच्या सुमाराला आम्ही जीआयआर १० वरून ८ वर आणला. ५८व्या तासाला ३७.

साठा कमी म्हणून शुगर पडत असती, तर एवढं ग्लुकोज देऊन ती तिसऱ्या दिवसापर्यंत सावरायला हवी होती. नवजात बाळाची गरज किलोमागे मिनिटाला ४ ते ६ मिलिग्रॅमची. या मुलीला १० लागत होते. जास्तीचं ग्लुकोज जातं कुठे? जीआयआर परत वाढवण्याआधी, शुगर ३७ असतानाच, रक्ताचे नमुने काढले. ही संधी दोन मिनिटांचीच असते. घाईत आधी बोलस दिला की ती गेली. नळ्या, लेबलं, बर्फ, सगळं ट्रेमध्ये आदल्या दिवशीच मांडून ठेवलं होतं. बाळाच्या बाजूला एक सिस्टर भरलेली सिरिंज घेऊन उभी, दुसरी रक्त काढणाऱ्या डॉक्टरांसोबत.

कीटोन जवळजवळ नाहीत. दोन दिवसांनी इन्सुलिनचा निकाल आला: शुगर ३७ असताना जे जवळपास शून्यावर असायला हवं होतं, ते स्पष्ट मोजता येत होतं. कॉर्टिसॉल (शुगर वाढवणारं संप्रेरक) ठीक. निदान झालं: जन्माआधीच्या ताणातून आलेलं तात्पुरतं हायपरइन्सुलिनिझम, म्हणजे गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन. आईला मधुमेह असेल तर बाळाचं इन्सुलिन वाढलेलं असणार हे सगळ्यांना पाठ असतं. वाढ खुंटलेल्या, सुकलेल्या बाळातही ते वाढतं आणि दिवसच नाही, काही आठवडे टिकू शकतं, हे तेवढं लक्षात राहत नाही. आणि हे जास्त धोक्याचं, कारण इन्सुलिन ग्लुकोजसोबत कीटोनही बंद करतं. मेंदूला पर्यायी इंधनही मिळत नाही. नुसत्या साठ्याच्या कमतरतेतले ३७ आणि इन्सुलिन वाढलेले ३७ हे मेंदूसाठी सारखे नाहीत.

जीआयआर ११ वर नेला, तिथे ती स्थिरावली. १२ च्या पुढे गेलो असतो तर डायझॉक्साइड (इन्सुलिन रोखणारं औषध) सुरू करायचं ठरवून वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांशी फोनवर बोलून ठेवलं होतं. ते औषध अंगात पाणी साठवतं, क्वचित फुप्फुसातला रक्तदाब वाढवतं, तेव्हा हृदयाच्या तपासणीची सोय हाताशी असावी लागते. वेळ आली नाही.

खाली उतरणं

चोवीस तास ६० च्या वर राहिल्यावर पाचव्या दिवशी उतरायला लागलो. दर सहा ते आठ तासांनी फक्त १ मिलिग्रॅम. २ नं उतरून एकदा पडलो होतो. प्रत्येक उतरणीसोबत आईचं दूध थोडं वाढवायचं, आधी नळीनं, मग पलाडाईनं (चोचीच्या वाटीनं), मग अंगावर. चौथ्या दिवसापासून नाळेचा कॅथेटर जपून चिकटवून आईच्या छातीवर कांगारू मातृसेवा सुरू झाली होती. ऊब मिळाल्यानं बाळाची ऊर्जा वाचली, आणि आईचं दूधही त्या दिवसांतच भरून आलं.

आठव्या दिवशी सलाईन बंद. पुढचे दोन दिवस प्रत्येक पाजण्याआधी शुगर, सगळे आकडे ६० वर. मग घरी सोडण्याआधीची परीक्षा: एक पाजणं मुद्दाम लांबवून सहा तास उपाशी ठेवायचं आणि मध्ये मध्ये मोजायचं. सर्वांत कमी ६६. दहाव्या तासाच्या सुमाराला वॉर्डात जे नकळत घडलं होतं, तेच आता आम्ही पंप, लाईन आणि डॉक्टर उशाशी ठेवून जाणूनबुजून केलं. ही परीक्षा न घेता असं बाळ घरी सोडणं मला मान्य नाही. गावाकडे रात्री एखादं पाजणं चुकणारच.

बाराव्या दिवशी १,८७० ग्रॅमवर सुट्टी. आजीला वेगळं बसवून सांगितलं: तीन तासांच्या वर झोपू द्यायचं नाही, उठवायला तळपाय चोळायचे, दूध तोंडात धरत नसेल किंवा अंग मऊ पडलं असेल तर १०८ ला फोन. आशाताईंना फोन करून शुगरची हकीकत कळवली. नवजात बाळासाठीच्या त्यांच्या घरभेटी ४२व्या दिवसापर्यंत असतात, पण या घरी पहिली भेट सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी हवी होती. त्या गेल्या.

यानंतर उपजिल्हा रुग्णालय आणि आमच्यात एक बैठक झाली. दोषारोपाचं काहीच नव्हतं, सिस्टर मोकळेपणानं बोलल्या. प्रसूती कक्षाच्या फळ्यावर 'शुगर बघायची बाळं' असा रकाना आला. बाळाची आई दाखल होतानाच त्यात नोंद होते, प्रसूतीनंतर नव्हे. ड्युटी बदलताना त्या रकान्यातल्या प्रत्येक बाळाचं दुपटं दोघी सिस्टर मिळून सोडून बघतात आणि शेवटच्या आकड्यासोबत पुढच्या पाजण्याची वेळ सांगतात. बॅटरीवर चालणारा सिरिंज पंप आता बाळासोबत रुग्णवाहिकेत येतो आणि परतीच्या गाडीनं परत जातो. पंप नसेल तर निघण्याआधी नळीनं दूध देऊन, वाटेत अर्ध्या अंतरावर गाडी थांबवून सुईची जागा आणि शुगर दोन्ही बघायचं ठरलं आहे.

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. कमी शुगरची इजा मेंदूच्या मागच्या भागाला, दृष्टीच्या केंद्राला जास्त होते. काही बाळांत महिने गेल्यावर झटके सुरू होतात, मान वारंवार खाली झुकणं किंवा हात अचानक पसरणं असे, जे घरच्यांना दचकणं वाटतं. म्हणून प्रत्येक भेटीत आम्ही आईला ते विशेष विचारतो. तिसऱ्या महिन्यात ती चेहऱ्यामागे नजर फिरवत होती, कानांची तपासणी ठीक आली. आता आधाराशिवाय काही क्षण बसते, समोर ठेवलेलं करवंदाएवढं लाल बटण एका हातातून दुसऱ्या हातात घेते, आणि आम्ही ते तोंडात जायच्या आत काढून घेतो. न्यूझीलंडमधल्या अशाच धोक्यातल्या मुलांचा पाठपुरावा साडेचार वर्षांपर्यंत केला तेव्हा दोन वर्षांना न दिसलेल्या काही अडचणी दिसल्या होत्या, विशेषतः डोळे आणि हात यांच्या मेळात आणि कामाची आखणी करण्यात. तेव्हा तिचं नाव जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या यादीत शाळेत जाईपर्यंत राहील. पुढची तारीख एक वर्षाची दिली आहे: डोळ्यांची तपासणी, डोक्याचा घेर, आणि घरी मोबाईलवर काढलेला, ती झोपेतून उठतानाचा व्हिडिओ सोबत आणायला सांगितलं आहे.